गाडी महिनोन्‌महिने उभीच असते, मग बॅटरी कशी सांभाळायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोणाचं काम घरून सुरू झालंय, कोणाकडे दोन गाड्या आहेत आणि फिरते एकच, कोणी वर्षातले चार महिने बाहेरगावी असतं. कारण काहीही असो, उभ्या गाडीच्या बॅटरीचे प्रश्न सगळ्यांचे सारखेच असतात, आणि मला ते इतक्या वेळा विचारले गेलेत की एकदाचं सगळं नीट लिहून काढलं. खाली जे आहे ते मुख्यतः नेहमीच्या १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीबद्दल आहे, हायब्रिड आणि इलेक्ट्रिकवाल्यांसाठी पुढे वेगळा प्रश्न घेतलाय.

गाडी चालवलीच नाही, मग बॅटरी उतरली कशी?

हे विचारणाऱ्याला बहुतेक वेळा वाटत असतं की बॅटरीवाल्याने फसवलं. तसं नसतं. किल्ली काढली की गाडी पूर्ण बंद झाली असं आपण धरून चालतो आणि तिथेच चुकतं. रिमोटचा सिग्नल ऐकणारा रिसीव्हर, अलार्म, घड्याळ, इंजिनच्या कॉम्प्युटरची मेमरी, म्युझिक सिस्टीम, हे सगळं रात्रंदिवस थोडी थोडी वीज घेतच असतं. धडधाकट गाडीत हा करंट साधारण २० ते ५० मिलीअँपिअर असतो, म्हणजे ऐकायला काहीच नाही. पण हिशोब करून बघा, ३० मिलीअँपिअर जरी धरले तरी दिवसाला ०.७२ अँपिअर-अवर (बॅटरीत किती वीज मावते ते मोजायचं माप) गेले, महिन्याला जवळपास २२, आणि छोट्या गाडीची अख्खी बॅटरीच असते ३५ ते ४५ अँपिअर-अवरची. महिन्याभरात निम्मी गेली, आणि तुम्ही गाडीला हातही लावलेला नाही.

शिवाय बॅटरी स्वतःहूनही उतरते, वायरी काढून कपाटात ठेवली तरी. साध्या पाणीवाल्या बॅटरीत हे महिन्याला ३ ते ५ टक्के धरा, उकाड्यात त्याहून बरंच जास्त.

उतरली तर उतरली, चार्ज केली की झालं ना?

इथेच खरं नुकसान होतं, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो. बॅटरी उतरते तेव्हा आतल्या दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं. हे नेहमीचंच आहे, चार्ज केलं की ते परत विरघळतं आणि प्लेटा मोकळ्या होतात. पण तेच सल्फेट आठवडेच्या आठवडे तसंच पडून राहिलं तर त्याचे कडक स्फटिक बनतात आणि मग चार्जर कितीही वेळ लावा ते पूर्ण जात नाहीत. तेवढा प्लेटचा भाग कायमचा गेला समजा. म्हणूनच अशी बॅटरी चार्जरवर फुल दाखवते, संध्याकाळी गाडी पण चालू होते, आणि दोन दिवसांनी परत टकटक. बॅटरी भरलेली असते पण तिचं पोट लहान झालेलं असतं.

त्यामुळे बॅटरी रिकामी होणं हे एक नुकसान आणि रिकामी पडून राहणं हे त्याहून कितीतरी मोठं नुकसान. चुकून लाईट चालू राहिला आणि बॅटरी उतरली तर घाबरू नका, पण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चार्ज करा, पुढच्या रविवारी बघू म्हणून सोडू नका.

किती दिवस गाडी उभी ठेवली तर चालतं?

बॅटरी चांगली, पूर्ण भरलेली आणि गाडीत जास्तीचं काही बसवलेलं नसेल तर दोन आठवडे काहीच काळजी नाही. तीन-चार आठवड्यांत बहुतेक गाड्या चालू होतात पण बॅटरी निम्म्यावर आलेली असते. त्याच्या पुढे नशिबावर. बॅटरी तीन-चार वर्षांची असेल किंवा गाडीत डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, वेगळा ॲम्प्लिफायर असलं काही असेल तर दहा दिवससुद्धा जास्त होऊ शकतात. ट्रॅकर आणि पार्किंग मोडवाला डॅशकॅम हे दोघं तर गाडी उभी असतानाच काम करतात, त्यांना वीज लागणारच.

मी दर दोन-चार दिवसांनी पाच-दहा मिनिटं गाडी चालू करून ठेवतो, तेवढं पुरतं ना?

नाही पुरत. हे मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचंय, कारण हे करणारी माणसं गाडीची खरोखर काळजी घेणारी असतात, आठवणीने खाली जातात, गाडी चालू करतात, आणि तरी एक दिवस बॅटरी जाते.

काय होतं बघा. सेल्फ मारताना छोट्या पेट्रोल गाडीत १००-२०० अँपिअर करंट जातो पण तो जेमतेम एक-दोन सेकंद, त्यामुळे स्टार्ट करण्यात गेलेली वीज खरं तर फार नसते, १५० अँपिअरने दोन सेकंद धरले तर ०.०८ अँपिअर-अवर, एवढी तर मिनिटभरात परत भरते. लोक म्हणतात स्टार्ट करण्यातच सगळी बॅटरी जाते, ते तितकंसं बरोबर नाही. अडचण दुसरीच आहे. आठवडाभर उभं राहून जे ५ अँपिअर-अवर झिरपून गेलेत ते परत कुठून येणार? उभ्या गाडीत इंजिन सगळ्यात कमी फेऱ्यांवर असतं, तिथे अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज तयार करणारं यंत्र) पूर्ण ताकदीने करंट देत नाही, त्यातला काही पंखा, इंजेक्टर, फ्युएल पंप घेतात, आणि तुम्ही एसी किंवा हेडलाईट लावून बसलात तर बॅटरीच्या वाट्याला अजूनच कमी येतं. बॅटरीला १५ अँपिअर मिळाले असं अगदी उदार मनाने धरलं तरी दहा मिनिटांत अडीच अँपिअर-अवर. म्हणजे आठवड्यातून एकदा दहा मिनिटं केलं तर गेलं पाच, आलं अडीच. शिवाय बॅटरी ८० टक्क्यांच्या वर गेली की करंट घेणंच कमी करते, शेवटचा भाग भरायला तासन्‌तास लागतात, घाई करून ते होत नाही.

आणि इंजिनसाठीही हे बरं नाही. थंड इंजिन गरम व्हायच्या आत बंद केलं की जळताना तयार झालेली वाफ सायलेन्सरमध्ये आणि ऑईलमध्ये पाणी होऊन बसते. नीट चालवलेल्या गाडीत ती उडून जाते, पण दहा मिनिटांच्या उभ्या स्टार्टमध्ये नाही.

एक गोष्ट अगदी हात जोडून सांगतो, बंद गॅरेजमध्ये गाडी चालू करून ठेवू नका. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, रंग नसतो, आणि ते माणूस मारतं. शटर अर्धं उघडं आहे म्हणूनही विसंबू नका, गाडी बाहेर काढा.

मग आठवड्यातून किती चालवायची?

आठवड्याला एकदा, फार तर दहा दिवसांनी, सलग ३० ते ४५ मिनिटं, मोकळ्या रस्त्याने, इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत. कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचं, मग परत संध्याकाळी कोपऱ्यापर्यंत, याने भागत नाही. असं फिरवल्याने टायर एकाच जागी दबून बसत नाहीत आणि ब्रेक डिस्कवरचा गंजही निघून जातो, तो वेगळा फायदा.

ज्यांना हे जमत नाही त्यांच्यासाठी दोनच चांगले मार्ग आहेत, एक तर मेंटेनर चार्जर (बॅटरी भरलेली सांभाळून ठेवणारा, खाली सांगितलाय) लावा नाहीतर निगेटिव्ह वायर काढून ठेवा.

बॅटरी किती भरलेली आहे हे घरच्या घरी कळतं का?

कळतं, साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या, उभ्या गाडीवाल्याने तो घरात ठेवावाच. डीसी २० व्होल्टच्या रेंजवर लावून लाल पिन प्लसला आणि काळी मायनसला. गाडी निदान चार-पाच तास, शक्य तर रात्रभर बंद असली पाहिजे, कारण गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर बॅटरी वरवरचा जास्त व्होल्टेज दाखवते आणि आपण फसतो.

१२.६ किंवा १२.७ आला तर बॅटरी फुल. १२.४ म्हणजे साधारण ७५ टक्के, आणि या आकड्यालाच चार्ज करायला घ्या असं माझं मत आहे, पुढे वाट बघू नका. १२.२ म्हणजे निम्मी. १२.० म्हणजे पाव उरली, आणि ११.८ च्या आसपास म्हणजे संपली. बघा, फुल आणि रिकामी यात एक व्होल्टचाही फरक नाही, म्हणून "१२ दाखवतोय म्हणजे १२ व्होल्टची बॅटरी ठीक आहे" हा समज फार महागात पडतो. आत सहा सेल असतात, प्रत्येक २.१ व्होल्टचा, त्यावरून फुलचा आकडा १२.६ येतो. एजीएम बॅटरी (आतलं ॲसिड काचेच्या धाग्यांच्या थरात शोषलेलं असतं ती) असेल तर फुलला थोडा जास्त, १२.८ च्या पुढे दिसतो.

अजून दोन आकडे उपयोगाचे आहेत. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ च्या दरम्यान दिसलं तर अल्टरनेटर बॅटरी भरतोय (काही नव्या गाड्या चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतात, तिथे थोडा फरक दिसेल). आणि सेल्फ मारताना कोणाला तरी मीटरवर नजर ठेवायला सांगा, तेव्हा आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी अशक्त झालीये, रात्रभर १२.६ दाखवत असली तरी.

चार्जर कुठला घ्यायचा? साधा चालेल का?

उभ्या गाडीला लावून ठेवायचा असेल तर साधा नको. जुन्या पद्धतीचा चार्जर बॅटरी भरली तरी करंट ढकलतच राहतो, मग आतलं पाणी उकळल्यासारखं बुडबुडे येऊन उडून जातं, प्लेटा उघड्या पडतात, आणि बॅटरी वाचवायला गेलो आणि आपणच मारली असं होतं. तो चार्जर समोर बसून, घड्याळ लावून वापरायचा.

स्मार्ट किंवा मेंटेनर म्हणून मिळतो तो आधी जोरात भरतो, मग हळूहळू करंट कमी करतो, आणि फुल झाल्यावर १३.२ ते १३.६ व्होल्टच्या आसपास नुसता सांभाळून धरतो. बॅटरीतून जेवढं झिरपतं तेवढंच परत घालतो. असा चार्जर महिनोन्‌महिने लावून ठेवता येतो, त्यासाठीच तो बनवलेला असतो. घेताना एवढंच बघा की त्यावर तुमच्या बॅटरीचा प्रकार निवडता येतो की नाही, कारण साधी पाणीवाली, एजीएम आणि लिथियम यांची चार्जिंगची गणितं वेगवेगळी आहेत. करंट किती? बॅटरीच्या क्षमतेच्या दहावा हिस्सा, ४५ अँपिअर-अवरला ४-५ अँपिअर. नुसतं सांभाळायचं असेल तर एक अँपिअरवालाही चालतो, फक्त उतरलेली बॅटरी भरायला त्याला दीड-दोन दिवस लागतील.

काही स्मार्ट चार्जर अगदीच मेलेली बॅटरी ओळखतच नाहीत, लाईट लुकलुकतो आणि चार्ज सुरूच होत नाही. याचा अर्थ चार्जर खराब असा नाही.

चार्जर जोडायचा कसा?

आधी चार्जर भिंतीतून बंद, मग लाल चिमटा प्लसला, काळा मायनसला, मग स्विच चालू. काढताना आधी स्विच बंद. उलटं करायचं नाही, कारण चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, हवेत त्याचं प्रमाण ४ टक्के झालं तरी तो पेट घेऊ शकतो, आणि चिमटा लावताना पडलेली ठिणगी त्याला पुरते. जागा हवेशीर ठेवा, आणि जवळ विडी-सिगारेट नको.

तुमच्या गाडीत सिग्नलला आपोआप बंद होणारं स्टार्ट-स्टॉप असेल तर निगेटिव्ह टर्मिनलवर एक छोटी डबी दिसेल, तिच्यातून पातळ वायर गेलेली असते. तो बॅटरीचा हिशोब ठेवणारा सेन्सर. अशा गाडीत काळा चिमटा टर्मिनलवर न लावता बॉडीच्या अर्थ पॉईंटला लावा, नाहीतर तुम्ही भरलेली वीज त्या सेन्सरच्या हिशोबातच येत नाही आणि बॅटरी फुल असूनही गाडी स्टार्ट-स्टॉप देत नाही.

चार्जिंग पॉईंटच नाही, पार्किंग खाली आहे. वायर काढून ठेवू का?

हो, आणि या लोकांसाठी हाच सगळ्यात चांगला उपाय. वायर काढली की गाडीने घ्यायची वीज शून्य, मग राहते फक्त बॅटरीची स्वतःची गळती. पूर्ण भरलेली बॅटरी अशी दोन-तीन महिने आरामात राहते.

काढायची मायनसची, आणि दोन्ही काढायच्या असतील तर मायनस आधी. लावताना मायनस शेवटी. बॉडी पूर्ण मायनसला जोडलेली असते, त्यामुळे आधी प्लसचा नट सोडवायला गेलात आणि पाना जराही बॉनेटच्या कडेला टेकला की थेट शॉर्ट, पाना लाल होईपर्यंत करंट जातो. मायनस आधी सुटली असेल तर पाना कुठेही टेकू दे, काही होत नाही. बहुतेक गाड्यांना दहा नंबरचा पाना लागतो. हातातली अंगठी आणि धातूचं घड्याळ काढून ठेवा. काढलेल्या टोकाला कापड गुंडाळून बाजूला बांधा, म्हणजे ते उडी मारून परत टर्मिनलला टेकणार नाही.

वायर काढण्याआधी दोन गोष्टी बघा. म्युझिक सिस्टीमला कोड लागतो का, लागत असेल तर तो हाताशी हवा. आणि दरवाजा नुसत्या किल्लीने उघडतो का हे आधी करून बघा, कारण वीज नसताना रिमोट काम करणार नाही. बॅटरी डिकीत असेल आणि डिकी फक्त बटणाने उघडत असेल तर वायर काढून डिकी बंद करायच्या आधी थांबा, मॅन्युअलमध्ये दुसरा रस्ता काय दिलाय तो वाचा. परत जोडल्यावर घड्याळ लावावं लागेल, काचांचं वन-टच कधी कधी परत शिकवावं लागतं, आणि पहिली पाच-दहा मिनिटं इंजिन जरा वेडंवाकडं चालेल, ते आपोआप जागेवर येतं.

इंजिन चालू असताना मात्र बॅटरीची वायर कधीही काढायची नाही. अल्टरनेटर तपासायची ही जुनी पद्धत अजून काही मेकॅनिक करतात. त्या क्षणी व्होल्टेज उसळतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जळू शकतो.

बॅटरी नवीन, सगळं बंद, तरी तीन दिवसांत उतरते. काय असेल?

मग काहीतरी वीज खातंय. मावशीच्या गाडीचं उदाहरण सांगतो. तीन दिवस उभी राहिली की गाडी मेलेली. जिथे दाखवली त्यांनी काही न तपासता बॅटरी बदलून दिली, परत तेच. शेवटी मी रविवारी मीटर घेऊन बसलो. मायनस वायर काढून मल्टिमीटर १० अँपिअरच्या रेंजला टर्मिनल आणि वायरीच्या मध्ये लावला, बॉनेटचं लॉक स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद केलं म्हणजे गाडीला वाटावं बॉनेट लागलंय, दरवाजे लॉक केले आणि अर्धा तास हात लावला नाही, कारण गाडीतले कॉम्प्युटर झोपायला २०-३० मिनिटं, कधी जास्तही घेतात. आकडा खाली येत येत ०.४३ वर थांबला, म्हणजे ४३० मिलीअँपिअर. ५० च्या खाली यायला हवा होता. मग एकेक फ्यूज काढत गेलो, आतल्या दिव्यांचा फ्यूज निघाला आणि मीटर एकदम ०.०२ वर.

आतले दिवे तर सगळे विझलेले दिसत होते. मग मोबाईलवर व्हिडिओ रेकॉर्डिंग लावलं, मोबाईल डिकीत ठेवला, डिकी बंद केली, मिनिटभराने उघडली. व्हिडिओत डिकी बंद होतानाचा धप्प आवाज येतो आणि त्याच्यानंतरही आतला पिवळा उजेड तसाच, कार्पेटचा धागा न्‌ धागा दिसतोय. डिकीच्या दिव्याचं बटण आत अडकलेलं होतं. ५ वॅटचा एवढासा बल्ब, पण दिवसाला १० अँपिअर-अवर. तीन दिवसांत ३०. बॅटरीची काहीच चूक नव्हती.

हाच मोबाईलचा उपाय डॅशबोर्डच्या कप्प्यातल्या दिव्यालाही चालतो. आणि मीटर असा मध्ये लावलेला असताना सेल्फ मारू नका, इग्निशनही चालू करू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

किल्ली गाडीजवळ टांगलेली असते, त्याने काही होतं का?

चावी न लावता बटणाने चालू होणारी गाडी असेल तर होऊ शकतं. किल्ली अगदी जवळ असली की गाडी आणि किल्ली एकमेकींशी बोलत राहतात, गाडी नीट झोपत नाही, आणि किल्लीतला सेलही लवकर संपतो. गॅरेजच्या भिंतीवरचा खिळा बदला, किल्ली घरात आत, काही मीटर लांब ठेवा.

बॅटरीत पाणी कधी आणि किती घालायचं?

वर झाकणं असलेली बॅटरी असेल तर एक-दोन महिन्यांनी बघायचं. फक्त डिस्टिल्ड वॉटर. नळाचं नको, फिल्टरचं नको, त्यातले क्षार प्लेटांवर बसतात. ॲसिड तर कधीच घालायचं नाही, उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच असतं. पाणी चार्ज झाल्यावर घाला, आधी नको, कारण चार्ज होताना पातळी वर येते आणि काठोकाठ भरलं असेल तर ॲसिड बाहेर येतं. अपवाद एकच, प्लेटा उघड्या दिसत असतील तर त्या बुडतील एवढं आधी घालून मग चार्ज करा. हातमोजे आणि चष्मा घालूनच करा. मेंटेनन्स-फ्री लिहिलेली असेल तर तिला उघडायला जाऊ नका.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर जमलीये.

वायर काढा (मायनस आधी), कोमट पाण्यात खाण्याचा सोडा मिसळून जुन्या टूथब्रशने घासा, फेस येईल, पाण्याने पुसून कोरडं करा, झाकणांमधून ते पाणी आत जाऊ देऊ नका. घट्ट आवळून वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या. सैल टर्मिनल आणि खराब बॅटरी यांची लक्षणं सारखीच दिसतात, म्हणून बॅटरी बदलण्याआधी हे करून बघावंच.

उन्हाळा वाईट की थंडी?

बॅटरी खराब होते उन्हाळ्यात आणि ते कळतं थंडीत. तापमान १० अंशांनी वाढलं की आपोआप उतरण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, शिवाय प्लेटाही लवकर गंजतात. थंडीत इंजिन ऑईल घट्ट असतं, सेल्फला जास्त ताकद लागते आणि बॅटरी मात्र कमी देते, मग उन्हाळ्यातलं दुखणं उघडं पडतं. गाडी सावलीत उभी करा.

जिथे बर्फ पडतो तिथल्यांनी हे लक्षात ठेवा, भरलेली बॅटरी उणे ५० अंशांनाही गोठत नाही पण उतरलेल्या बॅटरीत नुसतं पाण्यासारखं पातळ ॲसिड उरतं आणि ती उणे ७-८ अंशांनाच गोठू शकते. गोठलेली बॅटरी चार्ज करू नका, जंपही (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीची वीज) देऊ नका, फुटू शकते.

काढलेली बॅटरी फरशीवर ठेवली तर उतरते म्हणतात, खरं का?

आता नाही. पूर्वी बॅटरीचे डबे रबराचे, त्याआधी लाकडी खोक्यातले असायचे, तेव्हा ओल आणि गळती यातून हे होत असे. आजच्या प्लास्टिकच्या डब्याला काही होत नाही. थंड कोरडी जागा बघा, मुलांच्या हाताला येणार नाही अशी, आणि दोन महिन्यांनी एकदा चार्ज करा.

डॅशबोर्डवर ठेवायचं छोटं सोलर पॅनेल उपयोगाचं आहे का?

उघड्यावर उभ्या गाडीला आहे, पण लायटरच्या सॉकेटमध्ये लावून सोडून देऊ नका, बऱ्याच गाड्यांत किल्ली काढली की तो सॉकेट बंद होतो आणि पॅनेल कुठेच जोडलेलं नसतं. आधी मीटरने बघा. सॉकेट बंद होत असेल तर थेट बॅटरीला जोडावं लागेल. काचेतून ऊन कमी पोहोचतं हेही धरा. गाडीने घ्यायचे ३० मिलीअँपिअर भरून निघाले तरी त्याचं काम झालं, उतरलेली बॅटरी भरण्याची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नका.

उतरलीच, आता जंप स्टार्ट कसा द्यायचा?

दोन्ही गाड्या बंद, एकमेकींना न टेकता. लाल केबल आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि तिचं शेवटचं टोक मेलेल्या बॅटरीवर नाही तर त्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी पडते, ती हायड्रोजनपासून लांब पडावी म्हणून हे. चांगली गाडी चालू करा, पाच-दहा मिनिटं तशीच राहू द्या, मग दुसरीचा सेल्फ मारा. काढताना बरोबर उलट्या क्रमाने.

आणि गाडी चालू झाली म्हणून काम झालं असं समजू नका. अल्टरनेटर बॅटरी भरलेली ठेवायला असतो, पूर्ण मेलेली भरायला नाही, त्यात तोही तापतो. घरी आल्यावर रात्रभर चार्जरला लावा.

धक्का मारून चालू करायचं म्हणाल तर गिअरवाल्या गाडीत आणि बॅटरीत थोडा जीव असेल तरच. पूर्ण मेलेली असेल तर फ्युएल पंप आणि ईसीयूलाच वीज नसते, कितीही ढकला. ऑटोमॅटिक गाडीला हा प्रकार नाहीच.

माझी हायब्रिड आहे / इलेक्ट्रिक आहे, मला काय?

तुमच्याही गाडीत १२ व्होल्टची छोटी बॅटरी आहे. मोठी बॅटरी गाडी चालवते, पण दरवाजे, स्क्रीन, कॉम्प्युटर आणि मोठ्या बॅटरीला जोडणारे स्विच हे सगळं त्या छोटीवर उठतं. ती उतरली की मोठी ९० टक्के भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. हायब्रिडमध्ये ती भरायची असेल तर गाडी रेडी मोडमध्ये, म्हणजे निघायला तयार अशा स्थितीत, यायला हवी, नुसती स्क्रीन चालू करून गाणी ऐकत बसलात तर उलट उतरते. आणि हायब्रिडवरून दुसऱ्या गाडीला जंप देण्याआधी मॅन्युअल बघा, बऱ्याच कंपन्या नको म्हणतात.

बॅटरी बदलायची वेळ आली हे कसं ओळखायचं?

रात्रभर चार्ज करून, वायर काढून, एक दिवस तशीच ठेवा. दुसऱ्या दिवशी १२.४ च्या खाली आली असेल तर आत एखादा सेल गेलाय. डबा फुगलाय, अंड्यासारखा कुजका वास येतोय, तर लगेच काढा, चार्ज करत बसू नका. नुसतं वय झालं म्हणून बदलायची गरज नाही, पण चार-पाच वर्षांची झाली असेल तर लांब जाण्याआधी तपासून घ्या. एजीएमच्या जागी एजीएमच बसवा, साधी बसवून पैसे वाचत नाहीत.

जुनी बॅटरी कचऱ्यात किंवा भंगारात सुटी टाकू नका, नवी घेता तिथे परत द्या. आतलं शिसं वितळवून परत बॅटरीतच जातं. १८५९ साली गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने ही बॅटरी बनवली तेव्हाही आत शिसं आणि सल्फ्युरिक ॲसिडच होतं आणि आजही तेच आहे, फक्त ते जमिनीत किंवा विहिरीच्या पाण्यात जाता कामा नये.

दोन-तीन महिने बाहेर जातोय, निघायच्या आदल्या दिवशी नेमकं काय करू?

रात्रभर चार्ज करा, सकाळी मीटर लावून १२.६ बघा, डॅशकॅम आणि ट्रॅकर उपटा, मायनस काढून कापडात बांधा. टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा थोडी जास्त. हँडब्रेक ओढू नका, जाम होतो, सपाट जागेवर गिअरमध्ये ठेवून चाकांना दोन्ही बाजूंनी विटा लावा. आणि एका कागदावर "बॅटरीची वायर काढलेली आहे" असं लिहून स्टिअरिंगवर चिकटवा, म्हणजे मध्येच घरातल्या दुसऱ्या कोणाला गाडी लागली तर त्याला बॉनेट उघडायचं कळेल.